पडद्यामागचा कोंबडा

पास्कू, त्या रविवारी तू माझ्या घाण्यापाशी बसला होतास. बैल फिरत होता, घाण्यातली लाकडी लाट करकरत होती, आणि तू मधूनच बोलणं थांबवून त्या करकरीला कान देत होतास, वैद्य नाडीला देतो तसा. शेवटी म्हणालास, "पाचर ढिली झालीय, हारू. उद्या येतो." रविवारी तू हत्याराला हात लावत नाहीस, हे मला वीस वर्षं माहीत होतं. मी म्हटलं, "ये. पण उद्या-उद्या करून मला म्हातारा करू नकोस."

सोमवारी तू आला नाहीस. होडीवाला आला. दारातूनच म्हणाला, "मास्तर, पास्कू सुतार गेला."

मी विचारलं, "कुठं?"

अरे, खरंच विचारलं! मला वाटलं, रेवसला जाऊन बोट धरली असशील. मुंबईच्या गोदीत काम बघतो, असं तुझं अधूनमधून चालायचंच. होडीवाला माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी चढ्या आवाजात म्हटलं, "पण कुठं गेला? आणि मला न सांगता?" मग त्यानं नुसतं आभाळाकडे बोट केलं. पटाशीला धार लावता लावता तू मान खाली घातलीस आणि ती वर केलीच नाहीस.

मी जन्मभर लोकांना धक्के देत आलो. कीर्तनात योसेफाला त्याचे भाऊ खड्ड्यात ढकलतात, तिथं मी असा थांबतो की बायका तोंडाला पदर लावतात. कुठं आवाज पाडायचा, कुठं श्वास रोखायचा, ते मला कळतं. पण तू केलंस ते कुठल्याच खेळात बसत नाही. ना घंटा, ना सूचना, ना पडदा. आणि तरीही सांगतो, तो धक्का नुसता पहिला होता. मोठा धक्का तू सातव्या दिवसासाठी राखून ठेवला होतास.

आपली ओळख या घाण्यानंच करून दिली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले यहूदी, गावाच्या भाषेत शनवार तेली. शनिवारी आमचा शब्बाथ, बैलसुद्धा सुट्टीवर. तुम्ही खाडीपलीकडचे किरिस्तांव. रविवारी तुमची करवत मुकी. म्हणून तू भेटायचास रविवारीच. देवळातली मिस्सा उरकून, धुवट सदरा घालून, होडीतून रेवदंड्याला उतरून चालत चौलात. माझे हात कामात, तुझे रिकामे, तोंडं दोघांची मोकळी. खरं सांगायचं तर माझंच तोंड. माझ्या दहा वाक्यांना तू एक द्यायचास, पण ते पाचरीसारखं नेमकं बसायचं.

वाद वीस वर्षं एकच. दोघांच्याही शास्त्रात संदेष्ट्यानं लिहून ठेवलेला तो सेवक कोण? दुसऱ्यांचं दुखणं अंगावर घेणारा, त्यांचा मार खाणारा, लोकर कातरणाऱ्यापुढे मेंढरू उभं राहतं तसा मुका राहणारा. तू म्हणायचास, आमचा प्रभू. तो यायच्या कितीतरी आधी संदेष्ट्याला दिसला. मी म्हणायचो, आमच्या लोकांविषयी आहे ते सगळं. भाषा आमची, संदेष्टा आमचा, आणि सेवक तेवढा तुमचा, हा कुठला न्याय? एकदा मी वैतागून म्हटलं, "आणि मार खाऊन गप्प बसणारा माणूस असतो तरी कुठं? मला एक दाखव. एकच!" तू माझ्या बैलाकडे बघून म्हणालास, "तुझ्यासमोर रोज फिरतो." मी आठवडाभर हसत होतो.

आणि तो दुसरा वाद, जुदासाचा. मी म्हणायचो, सगळं आधीच ठरलेलं होतं ना? मग गुरूला धरून देणाऱ्याचा दोष काय? कुणीतरी धरून द्यायलाच हवा होता. बिचाऱ्यानं नेमून दिलेलं काम केलं.

"ठरलेलं व्हतं," तू म्हणालास, "पन कुनी ढकललं न्हवतं. दार उघडं व्हतं. तो बाहेर गेला."

"आणि तुमचा प्रभू?"

"त्यालापन दार उघडं व्हतं. काय व्हनार ते ठाऊक व्हतं. तो थांबला."

"मग?"

"मग काय? जानून थांबला. तेवढीच गोष्ट हाय, हारू. बाकी सगळं तुझ्यासारख्यांनी सांगायसाठी."

आता तुझ्या गावातला खेळ. तापाच्या साथीत तुमच्याकडे घरटी एक माणूस गेलं, तेव्हा गावानं नवस केला, दर वर्षी पवित्र शुक्रवारी प्रभूच्या मरणाचा खेळ करायचा, खंड पाडायचा नाही. पाद्रीबाबांना तो मराठीत हवा होता. तुमची घरची पोर्तुगीज वळणाची बोली गोड, पण खाडीच्या अलीकडे ती कुणाला कळत नाही. संवाद लिहायला आणि बोलायला शिकवायला माणूस हवा होता. तू माझं नाव सुचवलंस.

मी संवाद लिहिले आणि लिहिताना लबाडी केली. प्रभूला मोजकी वाक्यं दिली. पेद्रूला, त्याच्या पट्टशिष्याला, त्याहून मोजकी. आणि जुदासाला दिलं पानभर स्वगत! त्यात राग, लोभ, पश्चात्ताप, आणि शेवटी एक असा हंबरडा की खाडीतल्या होड्या थांबाव्यात. कारण जुदास मी करणार होतो. पिवळाधमक अंगरखासुद्धा माझ्याच मापानं शिवून घेतला होता.

तालमीच्या दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांच्या मागून उठलास आणि म्हणालास, "जुदास मी करनार."

मला हसू आलं. तू? चारचौघांत स्वतःचं नाव सांगताना अडखळणारा तू?

"हारूला शुक्रवारी ऊन उतरायच्या आत घरी जायचं असतं," तू जमिनीकडे बघत म्हणालास. "त्याचा शब्बाथ लागतो. खेळ लांबला तर पंचाईत."

माझाच शब्बाथ काढून माझ्याच गळ्यावर ठेवलास! पाद्रीबाबांनी मान हलवली. मी होडीचा वेळ बोटांवर मोजून दाखवला, चालण्याचा मोजून दाखवला. कुणी ऐकेना. मग मी उभा राहिलो, तुझ्याकडे बोट केलं आणि बेंबीच्या देठापासून आवाज काढला, "जुदास तर तू आहेसच! तुला वेगळं सोंग कशाला हवं?"

हशा पिकला. टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं. तू काहीच बोलला नाहीस, आणि ते नाव तुला चिकटलं. जुदास सुतार.

माझी समजूत काढायला मला कोंबडा दिला. प्रभूला पकडून नेल्यावर पेद्रू तीनदा म्हणतो, मी ह्या माणसाला ओळखत नाही, आणि मग कोंबडा आरवतो. गावानं खराखुरा कोंबडा आणून बघितला, पण तो ऐन वेळी डोळे मिटून घेई. म्हणून शिडाच्या कापडाच्या पडद्यामागं मी. कीर्तनकार हारूनमास्तर, ज्याचं आख्यान ऐकायला लोक तीन गावांवरून येतात, तो अकरा वर्षं कोंबडा!

आणि समोर तू. देवा रे, कसला जुदास होतास तू! काथ्याची दाढी कानावरून निसटलेली, अंगरखा गुडघ्यापर्यंतच. माझं पानभर स्वगत तू चार ओळींत आटपलंस, तेही लोकांकडे पाठ करून. प्रभूचं चुंबन घेऊन त्याला धरून द्यायचं, तर तू त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणालास, "येतो मग." मागं मी पडदा चावत होतो. हसूही येत होतं, रडूही.

खेळ संपला की जुदासाला पळवायचं आणि पोरांनी त्याला झावळ्यांनी झोडपत किनाऱ्यापर्यंत न्यायचं, अशी तुमची रीत. पहिल्या वर्षी झावळ्यांबरोबर दगडही आले. तू परत आलास तेव्हा डाव्या भुवईवर खोक पडली होती, दाढी रक्तानं भिजली होती. आणि मी काय केलं? सूर्य माडांच्या शेंड्यांवर चांगला दोन हात होता. तो तुला बोटानं दाखवला. "बघ! शब्बाथाला किती वेळ आहे! दुसऱ्याची भूमिका चोरलीस, त्याचा हा प्रसाद." तू रक्त पुसत वर बघितलंस आणि म्हणालास, "व्हय की. यंदा लवकर संपला."

दर वर्षी मी तुला तो सूर्य दाखवला. दर वर्षी तू म्हणालास, "व्हय, यंदा लवकर संपला."

माझ्या भूमिकेच्या चोरीची गोष्ट मी कुठं कुठं सांगितली! लग्नात, बारशाला, होडीत, बोर्ली पंचतनच्या बाजारात. तुझं ते "येतो मग" करून दाखवलं की माणसं पोट धरून हसत. कुणी विचारी, "तो जुदास सुतार तुमचा दोस्त ना, मास्तर?" मी हात झटकून म्हणे, "दोस्त? छे! त्या चोराला कोण ओळखतो?" पुन्हा हशा. माझ्या पोतडीतली ती सगळ्यात चांगली गोष्ट होती, पास्कू. तुझ्यासमोरही सांगितली आहे. तू हसायचास, जरा उशिरा.

तुझ्या गावात कुणी तुला पोराचा पाद्रीन, म्हणजे धर्मबाप, व्हायला बोलावलं नाही. पाळणे तुझ्याइतके सुबक कुणी करत नव्हतं, पण पाळणा जुदासाच्या हातचा नको, म्हणून बायका रेवदंड्याहून आणवू लागल्या. त्या वर्षांत तू एकच पाळणा केलास, माझ्या धाकट्यासाठी. त्याच्या दांड्यांवर तू छोटे कोंबडे कोरलेस. मी त्यावरही विनोद केला. मला वाटलं, तू मला चिडवतो आहेस.

सातव्या दिवशी तुझी मिस्सा झाली. मग तुझ्या अंगणात माणसं बसली, चहा आला. कुणाला काही बोलणं सुचेना. अशी शांतता मला सोसत नाही, तुला ठाऊक आहे. बस्त्यांव म्हणाला, "मास्तर, ती गोष्ट सांगा ना. पास्कूला बरं वाटंल." हाच बस्त्यांव, तुमच्या देवळात गाणी उचलून धरणारा, खेळाची सगळी व्यवस्था बघणारा. मी उभा राहिलो. आणि सांगितली. पानभर स्वगत, पिवळा अंगरखा, शब्बाथाची सबब. मी इतकी छान कधीच सांगितली नव्हती. डोळ्यांत पाणी होतं आणि माणसं हसत होती, अशा वेळी गोष्टीला फार वजन येतं. "येतो मग" वर तर अंगण उसळलं.

"बस करा, भावोजी."

रोझावहिनी दारात उभी होती. काळ्या लुगड्यात, हातात चहाचं रिकामं भांडं. मी तिला मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही ती मोठ्यानं बोलली नाही.

"त्यानं चोरी न्हाय केली," ती म्हणाली. "तालमीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी चार जन आमच्या दारात आले व्हते. म्हनत व्हते, जुदास यहूदी आनि मास्तरपन यहूदी, आयता गावलाय. नुसत्या झावळ्या नकोत. किनाऱ्याला दगड गोळा करून ठेवले व्हते, भावोजी. तुमच्यासाठी."

अंगणात सगळ्यांनी चहा प्यायचं सोडून दिलं होतं.

"ह्यानं त्यांना सांगितलं, प्रभू यहूद्यांतलाच. त्याची आय त्यांच्यातली, बाराही शिष्य त्यांच्यातले. मग सगळीच कामं त्यांना द्या! न्हायतर जुदास आपल्यातला घ्या. तो परका न्हवता. प्रभूच्या ताटात हात घालनारा व्हता. परक्याला उभा केलात तर गोष्टच खोटी पडंल. ते चार जन हसले. मग ह्यो म्हनाला, मी करतो."

माझ्या तोंडून निघालं, "मला का नाही सांगितलं?"

"मी तेच म्हनायची. दर वर्षी म्हनायची. तो म्हनायचा, सांगितलं तर हारू या गावात पाऊल टाकनार न्हाय. तो येतो तसाच, हसत येत राहायला पायजे. आनि एका वर्षी जरी अंगरखा सोडला असता, तर तो तुम्ही घातला असता. घातला असता ना?"

घातला असता. धावत येऊन घातला असता, पास्कू.

"त्या चारांतला एक जन," वहिनी म्हणाली, "आत्ता तुमच्या गोष्टीला हसत व्हता." आणि ती आत गेली.

मी कुणाकडे बघितलं नाही. होडीत बसलो. होडीवाल्यानं काही विचारलं असेल तर मला ऐकू आलं नाही. माझ्या मांडीवर माझे दोन्ही हात पडले होते आणि ते कुणाचे, असं वाटत होतं. अकरा वर्षं! मला मार खाऊन गप्प बसणारा एक माणूस दाखव, असं मी ज्याला म्हणत होतो, तो समोर बसून बैलाकडे बोट करत होता. संदेष्ट्याच्या लिहिण्याचा अर्थ लावणारा मी, माझ्या घाण्यापाशी बसलेला अर्थ मला दिसला नाही. त्या खोकेचा डाग मी दर रविवारी बघत होतो. तो दगड माझ्या भुवईच्या नावानं उचललेला होता. आणि मी तुला सूर्य दाखवला.

रागही आला तुझा. खोटं कशाला बोलू? तू मला विचारायला हवं होतंस. मी लहान पोर होतो का? मार खायचा की नाही, हे ठरवायचा हक्क माझा होता. आणि तुला जुदास म्हणणाऱ्या सगळ्या गावात माझा आवाज पहिला होता, हे तू मला निदान एकदा ऐकवायचंस. भांडायचं होतं मला तुझ्याशी. रविवार येतो आहे, आणि भांडायला कुणी नाही.

परवा बस्त्यांव आला. एकटाच. होडीतून, चौलापर्यंत चालत, टोपी हातात फिरवत. घाण्यापाशी, तुझ्या जागेवर बसायला गेला, आणि मग उभाच राहिला. लाट करकरत होती. दुसऱ्या सुताराला मी बोलावलेलं नाही.

"उपवासाचा काळ लागंल आता," तो म्हणाला. "तालमी सुरू करायला पायजेत. नवस हाय."

"हो."

"जुदासाचं काम..." बैलानं एक पूर्ण फेरा घेतला. "मास्तर, आता तुम्ही मागितलंत तर कुनी न्हाय म्हननार न्हाय. गावात कुनी झावळीपन उचलनार न्हाय. माझा शब्द."

लाज वाटते सांगायला, पास्कू, पण त्या क्षणी ते पानभर स्वगत पहिल्या शब्दापासून माझ्या जिभेवर आलं. अकरा वर्षं ते तिथंच होतं. हंबरड्यासकट. मी बैलाला थांबवलं.

"पास्कूनं तुम्हाला काय सांगितलं होतं?" मी विचारलं. "जुदास कुणातला हवा?"

बस्त्यांवच्या हातातली टोपी फिरायची थांबली. "आपल्यातला."

"तू होतास तिथं?"

"व्हतो." मग माझ्याकडे बघून, "बोलनारा मीच व्हतो, मास्तर."

मी! ज्याला कुठं थांबायचं ते कळतं पण गप्प बसणं कळत नाही, तो मी, काही बोललो नाही. तुझ्याकडून शिकलो म्हण. दार उघडं होतं. तो गेला असता तरी चाललं असतं. तो गेला नाही.

"मीच करतो जुदास," बस्त्यांव म्हणाला. "मला जमंल का?"

"पास्कूपेक्षा वाईट करणारा अजून जन्मायचा आहे," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो आणि दोघांनाही ते सोसलं नाही. मी त्याला पिवळ्या अंगरख्याविषयी सांगितलं. तो वहिनीकडून मागून घे, म्हटलं, स्वतः जाऊन, तिच्या दारात उभा राहून माग. त्यानं मान हलवली. स्वगत मात्र मी कापलं. तू म्हणायचास त्याच चार ओळी ठेवल्या. उरलेल्या ओळी माझ्या हौसेच्या होत्या, जुदासाच्या नव्हत्या. आणि "येतो मग" ठेवलं. ते आता कुणी काढायचं नाही.

निघताना तो दारात थांबला. चाचरत म्हणाला, "आनि कोंबडा? का... तोपन दुसरा कुनी बघायचा?"

"कोंबडा मीच," मी म्हटलं.

त्या कोंबड्याचं काम काय असतं, पास्कू? तो आरवला की पेद्रूला आठवतं, आपण कुणाला ओळखत नाही म्हणालो. आणि तो बाहेर जाऊन रडतो. अकरा वर्षं मी पडद्यामागून गाव दुमदुमेल असा आरवलो आणि स्वतः एकदाही ऐकलं नाही. यंदा तो मला जमेल.